मायकल फ्लिन : एका लष्करी गुप्तवार्ताप्रमुखाचा उदय आणि अस्त

अमेरिकी लष्कराचे निवृत्त लेफ्टनंट जनरल मायकल फ्लिन (जन्म १९५८) हे २०१२ ते २०१४ या काळात संरक्षण खात्याच्या डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी या गुप्तवार्ता संस्थेचे संचालक होते. ऱ्होड आयलंडमधील नऊ भावंडांच्या आयरिश वंशाच्या कुटुंबातून ते १९८१ मध्ये लष्करात आले.

त्यांचे नाव झाले ते इराकमध्ये. जनरल स्टॅन्ली मॅक्रिस्टल यांच्या विशेष दलांचे ते गुप्तवार्ताप्रमुख होते. छाप्यात सापडलेले फोन आणि कागद त्याच रात्री तपासून पुढच्या छाप्याचा पत्ता काढायचा, ही तेथील कार्यपद्धती. ऑगस्ट २००४ मध्ये या दलाने १८ छापे घातले होते. दोन वर्षांनी तोच आकडा महिन्याला ३०० वर गेला. या वेगाचे श्रेय बऱ्याच अंशी फ्लिन यांना दिले जाते.

जानेवारी २०१० मध्ये, अफगाणिस्तानात असताना, त्यांनी आपल्याच विभागावर कोरडे ओढणारा अहवाल लिहिला. शत्रूचा माग काढण्याच्या नादात गावकऱ्यांची ओळखच करून घेतली नाही, असा त्याचा आशय. तो त्यांनी वॉशिंग्टनमधील एका अभ्यासगटामार्फत परस्पर प्रसिद्ध केला. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांना विश्लेषण पटले, रीत पटली नाही. भारतीय लष्करात एवढ्यावर बढती बहुधा अडली असती. फ्लिन यांना पुढच्या वर्षी तिसरा तारा मिळाला.

संचालकपदी मात्र हाच स्वभाव नडला. पूर्व सीरियात सलाफी सत्ता उभी राहू शकते, अशी नोंद संस्थेच्या ऑगस्ट २०१२ च्या एका प्राथमिक अहवालात होती, आणि पुढे ती खरी ठरली. परंतु हजारो कर्मचाऱ्यांची संस्था छापापथकासारखी हाकता येत नाही. फेररचनेवरून वरिष्ठांशी बिनसले; त्यांच्या निराधार विधानांना हाताखालचे लोक ‘फ्लिन फॅक्ट्स’ म्हणू लागले. मुदतीआधीच, ऑगस्ट २०१४ मध्ये, त्यांना जावे लागले. कट्टर इस्लामविषयी स्पष्ट बोललो म्हणून काढले, असे ते सांगतात. कारभाराचे कारण अधिक पटण्याजोगे आहे.

पुढचा प्रवास परिचित आहे : २०१५ मध्ये मॉस्कोत पुतीन यांच्या शेजारची खुर्ची, मग ट्रम्प यांचा प्रचार आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारपद. ते अवघे २४ दिवस टिकले. रशियन राजदूताशी झालेल्या बोलण्याविषयी एफबीआयला खोटे सांगितल्याची कबुली त्यांनी १ डिसेंबर २०१७ रोजी न्यायालयात दिली. २०२० मध्ये ती मागे घेण्याचा अर्ज केला. २५ नोव्हेंबर २०२० रोजी ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. तोपर्यंत शिक्षा सुनावली गेलीच नव्हती.