बीड जिल्ह्यांतील शालेय चांचण्यांचे आंकडे : एक साधनचिकित्सा

कोणताहि कागद कोणीं, केव्हां व कशासाठीं लिहिला हें पाहिल्यावांचून त्याची साक्ष घेऊं नये, हा संशोधनाचा दंडक आहे. शाळेंतील चांचण्यांचे आंकडे हेंहि एक साधनच होय. त्यांस तोच दंडक लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परीक्षेच्या फलावरून शाळेस द्रव्य देण्याची पद्धति इंग्लंडांत १८६२ सालीं सुरू झाली. मुंबई इलाख्यांतहि खासगी शाळांचीं अनुदानें तिच्यावरून ठरत, व १८८२ च्या हंटर कमिशनपुढें तिची चर्चा झाली. आंकड्यावर द्रव्य अवलंबून राहिलें म्हणजे अध्यापन तपासनिसाच्या प्रश्नांपुरतें आखडतें, हा इंग्लंडचा अनुभव. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें मुंबईचे हे नियम तेथें नव्हते. तथापि त्यांपासूनचा बोध तेथेंहि घेण्याजोगा आहे.

अलीकडील साधनांपैकीं 'असर' पाहणी २००५ पासूनची. ती घरोघर जाऊन मुलास अक्षर, शब्द, परिच्छेद कीं गोष्ट वाचतां येते हें पाहते. २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमांत पायाभूत चांचण्या झाल्या. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १३ नोव्हेंबर २०१७ व १२ नोव्हेंबर २०२१ रोजीं निवडक शाळांत झालें.

या दोन तारखा बीडच्या वाचकानें लक्षपूर्वक पाहाव्या. दोन्ही दिवाळीनंतरच्या आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारों कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. कोयत्याबरोबर गेलेलें मूल त्या दिवशीं गांवच्या शाळेंत नसतें. अर्थात् जिल्ह्याची सरासरी मागें राहिलेल्यांचीच ठरते. घरास कुलूप असल्यास घरोघरच्या पाहणीचाहि उपाय चालत नाहीं.

यावरून आंकडे टाकाऊ ठरत नाहींत. त्यांचें वाचन मात्र बदलावें लागतें. शाळांची क्रमवारी लावण्यापेक्षां प्रत्येक मुलाची पायरी शोधावी. शब्दापाशीं अडलेल्या मुलांचा, इयत्ता न पाहतां, एक गट करून शिकविण्याची 'प्रथम' संस्थेची रीत याच विचारांतून निघाली आहे. हंगामी वसतिगृहांमुळें कांहीं मुलें गांवींच राहतात. जाणाऱ्यांस शिक्षण हमी कार्ड मिळतें. त्यावर मुलाची पायरी नोंदलेली असेल व तिकडील शिक्षक तें वाचील, तरच तें कार्ड उपयोगाचें.

म्हणून गुणांच्या रकान्याआधीं कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांची हजेरी तपासावी, व गैरहजर मुलाचें नांव सरासरीच्या शेजारीं मांडावें, असें आमचें मत आहे.