बिदरचे कारेझ : भुयारी जलव्यवस्थेची नकाशानोंद व पुनरुज्जीवन

बहमनी सुलतान अहमदशहा वली (कारकीर्द १४२२ ते १४३६) याने राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुरगीहून, बिदरला हलविली. मांजरेचे पाणी उंच पठारावरील या नगरीपर्यंत चढविणे दुष्कर होते. पठाराची रचना मात्र अनुकूल ठरली. वर सच्छिद्र जांभा, खाली कठीण काळा पाषाण. जांभ्यातून मुरलेले पावसाचे पाणी या दोहोंच्या सांध्यावर साचते.

इराणमध्ये रूढ असलेल्या कारेझ पद्धतीने हेच पाणी वापरात आणले. उगमविहिरीपासून मंद उताराचा बोगदा खोदला जाई. हवा, उजेड व गाळ उपसण्याची सोय व्हावी म्हणून त्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी पाडल्या जात. पाणी उपशाविना, केवळ उताराने वाहे. नौबाद, शुक्लतीर्थ व जमना मोरी ही बिदरची तीन कारेझ होत. मराठी अभ्यासकांना परिचित असलेली औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) नहर-ए-अंबरी ही सतराव्या शतकातील. बिदरची परंपरा त्याआधीची, पंधराव्या शतकातील आहे.

नळयोजना व विंधनविहिरी आल्यावर कारेझचा विसर पडला. विहिरींची तोंडे माती व कचऱ्याने बुजली. बोगदा वरून दिसत नाही. विहिरींची रांग हाच त्याचा माग. म्हणून एक विहीर बुजली की इतिहासाचा एक पुरावाही नाहीसा होतो. २०१२ च्या सुमारास केरळमधील भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी या व्यवस्थेचा शोध व नकाशानोंद सुरू केली. 'टीम युवा' या बिदरमधील तरुणांच्या गटाचे साहाय्य त्यांना लाभले. पुढे जिल्हा प्रशासनाने नौबाद कारेझमधील गाळ काढण्याचे काम हाती घेतले आणि बुजलेल्या विहिरी पुन्हा मोकळ्या झाल्या.

तथापि, केवळ बोगदा स्वच्छ करून कारेझ जगत नाही. ज्या जमिनीत पाणी मुरते, तीवर इमारती उभ्या राहिल्या किंवा भोवताली खोल विंधनविहिरींचा उपसा वाढला, तर स्वच्छ बोगदाही कोरडाच राहील. नकाशाचे खरे मोल येथेच आहे. कोणती जमीन मोकळी ठेवली पाहिजे, हे तो दाखवितो. २०१६ मध्ये इराणमधील कारेझांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. सीमाभागातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी आपापल्या परिसरातील जुन्या विहिरींची अशी नोंद हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहासाचे शिक्षण मिळेल व गावाला त्याच्या पाण्याचा पुरावाही लाभेल.