दोन प्रोसेसरांचा संगणक

एकाच समर्थ कारागिरावर सारें काम सोंपवावें, कीं तें अनेकांत वांटून द्यावें, हा प्रश्न कारखान्याइतकाच संगणकशास्त्रांतहि मूलभूत आहे. पुण्यानें त्याचें उत्तर शोधिलें, तें गरजेपोटीं.

इ. स. १९८० नंतरच्या दशकांत बंगळूरच्या शास्त्रज्ञांना हवा असलेला 'क्रे' महासंगणक अमेरिकेनें दिला नाहीं. १९८८ सालीं पुण्यांत 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली, डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. क्रेच्या तोडीचा प्रोसेसर हातीं नव्हता. तेव्हां इंग्लंडांतील इनमॉस कंपनीचा 'ट्रान्सप्यूटर' निवडण्यांत आला. एकटा तो दुबळाच. परंतु शेजारच्या चौघांशीं थेट बोलण्याचे चार दुवे त्याच्या अंगींच होते. असे अनेक ट्रान्सप्यूटर जोडून १९९१ मध्यें 'परम ८०००' सिद्ध झाला.

ह्या निवडींत एक संकट दडलेलें होतें. ट्रान्सप्यूटरची पुढील पिढी रेंगाळली. एकाच कंपनीच्या प्रोसेसरभोवतीं उभारलेलें यंत्र त्या प्रोसेसरबरोबरच खुंटतें, हें कळून आलें. म्हणून १९९४ च्या 'परम ९०००' ची घडण अशी करण्यांत आली, कीं प्रोसेसर बदलला तरी सांगाडा टिकावा.

पुढें १९९६ सालीं लिनक्स प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीनें एका मदरबोर्डावरील अनेक प्रोसेसरांना काम वांटून देण्याची सोय केली. बाजारांत सहज मिळणाऱ्या सामानाचें मोल त्यामुळें वाढलें. २००७ मध्यें पुण्यांतच टाटा उद्योगसमूहाच्या प्रयोगशाळेंत उभा राहिलेला 'एका' महासंगणक लिनक्सवरच चालत असे. त्याच्या प्रत्येक मदरबोर्डावर इंटेलचे दोन झिऑन प्रोसेसर व प्रत्येकांत चार गाभे होते. असे १,७८० मदरबोर्ड मिळून १४,२४० गाभे झाले. त्या वर्षीं नोव्हेंबरांत जगांतील महासंगणकांच्या यादींत त्याला चौथें स्थान मिळालें.

मदरबोर्डावर दोनच प्रोसेसर कां? दोघेहि एकाच स्मृतिकोठारांतून माहिती उचलतात, म्हणून देवाणघेवाण जलद होते. संख्या वाढली, कीं कोठाराच्या दाराशीं गर्दी होते आणि मदरबोर्डाची किंमतहि चढते. घरीं असा संगणक जुळविणाऱ्यालाहि हाच विवेक करावा लागतो. दोन्ही प्रोसेसर एकाच जातीचे हवेत, मदरबोर्ड दोहोंना सामावणारा हवा, आणि स्मृतीकडे जाणारा मार्ग अरुंद नसावा. नुसत्या वेगाच्या आंकड्यावर भाळून घेतलेला प्रोसेसर पुष्कळदां त्या दाराशीं तिष्ठत राहतो.

प्रोसेसर विकत मिळतो. परंतु अनेकांकडून एक काम कसें करून घ्यावें, हें ज्ञान परक्यांच्या नकारानंतर येथील शास्त्रज्ञांना स्वतःच्या श्रमानें मिळवावें लागलें.