मुद्दलात मुरलेली रक्कम: कर्जासोबत गळ्यात पडलेल्या विम्याचा मागोवा

हैदराबादचे आबिड्स ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो आल्बर्ट आबिद हा आर्मेनियन गृहस्थ सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खासगी सेवेत होता आणि त्याने इथे दुकान थाटले होते. दुकान गेले, नाव राहिले. आज या चौकाच्या एका अंगाला जनरल पोस्ट ऑफिस आहे. जरा पुढे गनफाउंड्रीत १९४२ साली हैदराबाद स्टेट बँकेने कारभार सुरू केला. दुसऱ्या दिशेला कोठी, म्हणजे जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी, आणि जवळच बेगमबाजारातल्या सावकारी पेढ्यांचा परिसर. दोन शतकांच्या देण्याघेण्याचा इतिहास एवढ्याशा टापूत मावला आहे. आपण त्यातला एकच धागा धरून मागे जाणार आहोत. समजा, आज कुणी एक लाखाचे कर्ज घेतले आणि हाती शहाण्णव हजारच पडले. उरलेले चार हजार कर्जाच्या विम्याचा हप्ता म्हणून कापले गेले. पण व्याज मात्र पूर्ण लाखावर सुरू झाले. हा विमा मागितला कुणी, समजावला कुणी? आणि पुढे ते कर्जच न्यायालयातून वसूल होण्याजोगे उरले नाही, तर या चार हजारांवर हक्क कुणाचा?

कर्ज आणि जोखीम यांचा संबंध फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीने रानावनातून माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला दरमहा शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस असे व्याज सांगितले. वाट जितकी धोक्याची, तितका दर चढा. या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही विज्ञानेश्वराची टीका चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली गेली. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, निजामाच्या काळी बिदर जिल्ह्यातले गाव. पुढे व्यापाऱ्यांनी जोखमी हुंडी काढली. माल सुखरूप पोचला तरच ती वटायची; जहाज बुडाले तर पैसा देणाऱ्याचे पैसे बुडाले. त्या व्यवहारात कर्ज आणि विमा एकाच कागदावर होते आणि चढा मोबदला घेणारा धोकाही स्वतः पत्करत होता. याच परंपरेत दामदुप्पटीचा नियम रुजला: साचलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागता येणार नाही. म्हणजे दोन मर्यादा आपल्याकडे आधीपासून होत्या. जोखमीचे पैसे जोखीम घेणाऱ्यानेच घ्यावेत, आणि कर्जाच्या वाढीला कुठेतरी अंत असावा.

या मर्यादांना बगल देण्याची वाटही तितकीच जुनी. व्याजाला बंधन असले की सावकार दुसऱ्या नावाने पैसे घेतो. पेशवाईच्या आर्थिक व्यवहारांत व्याजाखेरीज मनोती घेतली जाई, वर नाण्यांच्या देवघेवीत बट्टा आणि कसर लागे. मनोती कर्ज देतानाच कापली जाई, त्यामुळे रोख्यावरचा आकडा आणि पदरात पडलेली रक्कम यांत अंतर पडे. हे अंतर मुद्दलात मुरते, आणि मुद्दलात मुरलेल्या रकमेवर व्याज चढत जाते. आजच्या विमा हप्त्याची वंशावळ शोधताना सगळ्यात जवळचा पूर्वज म्हणून आपल्याला ही मनोतीच दाखवावी लागेल.

हैदराबादेत या पूर्वजाने एकोणिसाव्या शतकात राजेशाही रूप घेतले. रेसिडेन्सीच्या सावलीत १८१४ च्या सुमारास विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी उभी राहिली. जनरल पामर आणि फैझबक्ष बेगम यांचा मुलगा विल्यम हा तिचा कर्ताधर्ता, आणि गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जच्या पालनातल्या मुलीचा नवरा सर विल्यम रम्बोल्ड हा एक भागीदार. १७९७ च्या ब्रिटिश कायद्याने युरोपीयांना देशी संस्थानिकांना परवानगीवाचून कर्ज देण्यास बंदी होती. १८१६ मध्ये पेढीने ती परवानगी मिळवली आणि दिवाण चंदुलाल यांच्या कारभारात निजाम सरकार या पेढीचे ऋणी होत गेले. १८२० मध्ये साठ लाखांचे प्रसिद्ध कर्ज मंजूर झाले, व्याज शेकडा अठरा. त्याच वर्षाअखेरीस चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने खाती तपासायला घेतली. साठ लाखांच्या आकड्यातले आठ लाख हा पेढीच्या भागीदारांचा बोनस होता. तो मुद्दलातच धरला होता आणि त्यावर व्याजही चालू होते.

मेटकाफने पेढीचा हिशेब उघड्यावर आणला तेव्हा कलकत्ता हादरले. अखेर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने उत्तर सरकार प्रांतापोटी निजामाला दरसाल देणे असलेली सात लाखांची पेशकश कायमची मोडीत काढली. तिच्या बदल्यात १,१६,६६,६६६ रुपये मोजले आणि त्या पैशातून पामरांचे देणे फेडले. १८२४ मध्ये पेढी बुडाली. ब्रिटिश प्रजाजनांवरची शेकडा बारा व्याजाची मर्यादा संस्थानी मुलखात लागू होती की नाही, यावर लंडनमध्ये न्यायाधीशांपर्यंत खल झाला. कर्ज कायदेशीर होते की नव्हते, हे ठरण्याआधीच ते फिटले होते, आणि ज्या उत्पन्नातून ते फिटले ते राज्याच्या हातून कायमचे गेले. वादग्रस्त कर्जाचे पैसे एकदा दिले गेले की ते परत मागणे किती अवघड असते, याचा हा मोठा धडा होता.

दुसरा धडा वऱ्हाडाने भोगला. निजामाच्या नावाने चालणाऱ्या पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाचे देणे साचत गेले. त्यापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले. निजाम सरकारचा प्रतिदावा असा होता की सिकंदराबाद आणि जालना छावण्यांतले अबकारी उत्पन्न वर्षानुवर्षे इंग्रजांनी घेतले आहे, ते या देण्यातून वजा करा. ती वजावट कुणी मानली नाही. मात्र १८६० मध्ये खुद्द रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन यांनीच लिहून ठेवले की दोन्ही सरकारांचे हिशेब निःपक्षपणे मांडले असते, तर १८५३ मध्ये निजामाकडे न्याय्य येणे निघालेच नसते. त्या वर्षी नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड राहिले ते राहिलेच. ज्याच्या हाती खतावणी असते, तोच काय वजा करायचे आणि काय नाही हे ठरवतो. आपल्या मागोव्यातला हा प्रश्न पुढेही आपली पाठ सोडणार नाही.

हिशेब उघडण्याची सक्ती कायद्यात आणली ती शेतकऱ्यांनी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले, आणि त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर. ते कागद हिसकावून जाळले गेले. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला, आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागे जाण्याचा अधिकार दिला. व्यवहार सुरुवातीपासून तपासायचा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे, व्याज मुद्दलापलीकडे जाऊ द्यायचे नाही. पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्कही ऋणकोला मिळाला. सीमेपलीकडच्या निजामी मराठवाड्यातला शेतकरी मात्र या छत्राबाहेर होता. त्याच्यासाठी सावकारी कायदा यायला १३४९ फसली, म्हणजे १९३९-४० साल उजाडले. त्या कायद्याने सावकाराला परवाना बंधनकारक केला. परवाना नसेल तर त्याचा दावा न्यायालयात पुढे सरकेना. दिलेले पैसे खरे, पण वसुलीला न्यायालयाचे दार बंद, अशा कर्जाचा एक नमुना हैदराबादच्या कायद्याने असा घडवला.

एव्हाना अटलांटिकपलीकडे कर्ज आणि विमा यांची नवी जोडी जमली होती. अमेरिकेत आर्थर मॉरिस यांनी १९१० पासून नोकरदारांना दोन जामिनांवर छोटी कर्जे देणारी बँक चालवली होती. कर्जदार दगावला तर बोजा जामिनांवर आणि कुटुंबावर येई, म्हणून १९१७ मध्ये त्यांनी कर्जाएवढ्या रकमेचा आयुर्विमा सुरू केला. हेतू दयाळू होता. पुढे बँकांच्या लक्षात आले की या विम्यात कर्जाच्या व्याजाहून अधिक नफा आहे. ब्रिटनमध्ये तो इतका पसरला की स्वतःचा धंदा करणाऱ्यांना आणि निवृत्तांनाही नोकरी जाण्याचा विमा विकला गेला, ज्याचा दावा ते कधीच करू शकले नसते. एका कर्जदार महिलेच्या खटल्यात २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले की तिच्या हप्त्यातले ७१.८ टक्के निव्वळ दलालीत गेले होते, आणि हे तिला सांगितलेच नव्हते. २९ ऑगस्ट २०१९ ही दाव्यांची शेवटची तारीख होती; बँकांनी परत केलेली एकूण रक्कम ३८ अब्ज पौंडांच्या आसपास गेली. याच देशात १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याखाली करारात ठरावीक तपशील चुकला तर कर्ज वसुलीयोग्य राहत नसे. पाच हजार पौंडांच्या कर्जात अडीचशे पौंडांचे कागदपत्र शुल्क कर्जाची रक्कम म्हणून धरले, एवढ्या कारणाने २००३ मध्ये एका सावकार कंपनीचे सगळे कर्ज बुडीत ठरले. पामरांचे आठ लाख आणि हे अडीचशे पौंड यांची जात एकच. तिथे मग प्रश्न उभा राहिला: वसूल न होणाऱ्या कर्जावरच्या विम्याचा परतावा ऋणकोच्या हाती द्यायचा, की त्या कर्जात वळता करायचा?

हैदराबादला कर्ज आणि विम्याच्या याच जोडीने २०१० मध्ये गाठले. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या मोठ्या संस्थांचे हे केंद्र होते, आणि बचत गटांतल्या बायकांना मिळणाऱ्या कर्जासोबत विमाही येत असे. वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्यांनंतर १५ ऑक्टोबर २०१० रोजी आंध्र प्रदेश सरकारने अध्यादेश काढला. नोंदणीवाचून वसुलीला बंदी आली आणि व्याज मुद्दलाच्या पुढे जाणार नाही असे कलम घातले गेले. स्मृतिकाळची दामदुप्पट एकविसाव्या शतकाच्या कायद्यात पुन्हा बसली. राज्यातली वसुली दहा टक्क्यांच्या आसपास कोसळली. या पेचावर नेमलेल्या मालेगाम समितीच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने नियम केला की सूक्ष्म कर्जाच्या किमतीत व्याज, प्रक्रिया शुल्क आणि विमा हप्ता ही तीनच अंगे असतील, आणि विम्याचा प्रत्यक्ष खर्च तेवढाच घेता येईल. मनोती एवढ्या स्पष्टपणे वेगळ्या रकान्यात क्वचितच लिहिली गेली असेल. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत असे ठरवले, आणि २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयानेही राज्याच्या सूक्ष्म कर्ज कायद्याबाबत तीच दिशा धरली.

या लांबच्या वाटेच्या टोकाला आज आपण उभे आहोत. तीन वर्षांची मुदत उलटलेले साधे कर्ज दावा करून वसूल होत नाही. पण १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे मुदत उपाय संपवते, देणे संपवत नाही. म्हणूनच ऋणकोने स्वतः भरलेला पैसा, तो कुठल्या देण्याचा हे त्याने सांगितले नसेल, तर मुदतबाह्य कर्जाकडेही वळवण्याची मुभा करार कायद्याचे कलम ६० धनकोला देते. मात्र ऋणकोने न्यायालयात परतावा मागितला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार प्रतिवादीला वजावट मिळते ती कायद्याने वसूल होऊ शकणाऱ्या रकमेचीच. मेलेले कर्ज तिथे ढाल होऊ शकत नाही. बँकेच्या खात्यात आधीच पडून असलेल्या पैशावर तिचा धारणाधिकार चालतो, ही सावधगिरी तेवढी ध्यानात ठेवावी. मुदत अजून संपलेली नसेल तर परताव्याच्या पत्रात देणे मान्य असल्याचे एक वाक्यही मुदत नव्याने सुरू करते, हेही विसरू नये.

मागण्याच्या वाटा आता आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाच्या मुख्य तथ्यपत्रात विम्यासारखे त्रयस्थांचे शुल्कही वार्षिक दरात धरून दाखवावे लागते. त्यात नसलेले शुल्क ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनी पॉलिसी पारखून परत करायला तीस दिवस दिले. त्यानंतरही फसवणूक लक्षात आली तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, मग आबिड्सपासून फार दूर नसलेल्या लकडीकापूलच्या विमा लोकपालाकडे, आणि कर्ज देणाऱ्याच्या वागणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. अर्ज विम्यापुरताच ठेवावा: प्रस्तावाची प्रत, संमतीची सही, हप्त्याची पावती, दलालीचा तपशील मागावा. कर्जाचा वाद वेगळा, हा वेगळा. मेटकाफने खतावणी उघडली ती रेसिडेंटच्या अधिकाराने. सुप्याच्या शेतकऱ्यांना त्यासाठी आग लावावी लागली. आपल्याला ते एका अर्जाने करता येते. इतक्या पिढ्यांनी किंमत मोजून मिळवलेला हा हक्क, कर्ज थकले म्हणून लाजेने सोडून देऊ नये. कर्ज थकवणाऱ्याचे देणे जसे खरे असते, तसे त्याच्याकडून न सांगता घेतलेल्या पैशाचे येणेही खरेच असते.