भिंतीचा रंग कोणाच्या हातचा?

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे असे ठरले, तेव्हा पाककृती, भरतकाम, बालसंगोपन हे नेहमीचे विषय डोळ्यांपुढे आले. परंतु दिवस दिवाळीपूर्वीचे होते आणि एका परिचितांच्या घरी रंगारी आले होते. रंग कोणता द्यावा हे घरधनी व रंगारी मिळून ठरवीत होते; घरची बाई सर्वांसाठी चहा करीत होती. ते पाहून मनात आले की, आपल्या या झाडीच्या मुलखात घराला रंग देणे हे एकेकाळी बायकांचेच काम होते. ते आपल्या हातून कसे गेले, याचा थोडा मागोवा घ्यावा म्हणून हा लेख.

1964 साली चांदा शहराचे नाव चंद्रपूर झाले आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वी हा सगळा मुलूख एकच होता आणि त्यातील बहुतेक घरेही एकाच जातीची होती. बांबूचा कूड, त्यावर मातीचे लिंपण, वर कौले किंवा गवत. कूड घालणे, छप्पर शाकारणे ही पुरुषांची कामे. लिंपणे, सारवणे आणि पोतारणे ही बायकांची. पावसाने भिंतीचे पोपडे निघत, चुलीच्या धुराने त्या काळवंडत. म्हणून सणावाराच्या आधी पांढरी माती भिजवायची, फडक्याचे पोतेरे त्यात बुडवायचे आणि हात अर्धवर्तुळाकार फिरवीत भिंत उजळायची. त्या हाताच्या वळणावरून भिंत कोणी पोतारली हे शेजारणीही ओळखीत.

रंग विकत आणावे लागत नसत. तांबडा गेरू म्हणजे लोहाचा अंश असलेली माती. ज्या मुलखात लोहारा आणि सुरजागड येथे लोहखनिजाचे डोंगर आहेत, तेथे तांबड्या मातीला काय तोटा! पिवळी माती भाजली की तीही तांबडी होते, हे रसायनशास्त्र न शिकताही चुलीपाशी बसणाऱ्या बाईला ठाऊक असे. भिंतीच्या तळाशी गेरूचा किंवा कोळशाच्या पुडीचा काळा पट्टा ओढीत, तो केवळ शोभेसाठी नव्हे. पावसाचे शिंतोडे आणि सारवणाचे डाग तेथेच पडतात. ते गडद पट्ट्यात झाकले जात.

पुढे चुना आला. राजुरा-कोरपना भागात आज ज्या चुनखडकापासून सिमेंट होते, तसल्याच दगडापासून भट्टीत चुना होतो. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, त्यात थोडा डिंक घालायचा आणि कुंच्याने भिंतीला लावायचा. हवेतील कार्बन वायू शोषून तो हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. चुना पिवळट दिसू नये म्हणून त्यात नीळ टाकीत. ही नीळही मोठा प्रवास करून आलेली आहे. अल्ट्रामरीन हा निळा रंग पूर्वी अफगाणिस्तानातील मौल्यवान खड्यांपासून काढीत. 1828 च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे नावाच्या गृहस्थाने तो कृत्रिम रीतीने तयार केला. तेव्हापासून तो स्वस्त होत गेला आणि खेड्यातील ओसरीपर्यंत पोचला.

प्रत्येक समाजाने यात आपली भर घातली. सिरोंच्याकडे तेलुगू भाषिक घरांत उंबरठ्याला हळद लावून त्यावर कुंकवाची बोटे उमटवितात. 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे चामोर्शी-मुलचेरा भागात वसली. त्यांच्याबरोबर तांदळाच्या पिठाची आल्पना आली. आपल्याकडे चैत्रांगण होतेच. मुलूख एक, पण उंबरठ्यावरून घर ओळखू यावे अशी ही रीत.

येथे एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. आपला प्रदेश जंगलाचा, म्हणून हिवतापाचा. 1953 साली देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि 1958 साली निर्मूलनाचा. घरोघर डी.डी.टी.ची फवारणी होऊ लागली. डास चावल्यानंतर भिंतीवर विसावतो आणि तेथील औषधाने मरतो, ही त्यामागील योजना. परंतु फवारणीने भिंतीवर पांढरे डाग पडत, आणि सण जवळ आला की गृहिणी ते सारवून टाकी. सारवणाखाली औषध झाकले गेले की डास निर्धास्त! मातीच्या भिंतींच्या मुलखात जागोजाग ही अडचण आली. यात बाईचे अज्ञान म्हणावे का? मला तसे वाटत नाही. भिंत तिची होती आणि फवारणीपूर्वी तिला विश्वासात घेऊन कारण सांगणे आवश्यक होते. गडचिरोलीतून हिवताप अद्याप गेलेला नाही. म्हणून फवारणीच्या घरात आधी पोतारून घ्यावे आणि नंतर दोन-तीन महिने भिंतीला हात लावू नये, हे आजही ध्यानात ठेवावे.

डबाबंद रंगांनी मात्र खरा बदल केला. 1942 साली मुंबईत एशियन पेंट्स ही कंपनी निघाली. 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात कुंचला घेतलेला खट्याळ गट्टू काढला. तो गट्टू मुलगा होता, हे सहज नोंदवावेसे वाटते. सिमेंटच्या भिंती आल्या. त्यांवर माती धरत नाही. पोतेरे अडगळीत गेले, शिडी व ब्रश आले, आणि काम रंगाऱ्याचे झाले.

असे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. ठाणे-पालघरकडे वारली लग्नात भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. 1970 च्या दशकात ती चित्रे कागदावर आली आणि पुरुषही ती काढू लागले. जिव्या सोमा मशे यांनी त्या कलेला जगभर कीर्ती मिळवून दिली. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. मात्र बिहारच्या मिथिलेत 1966-67 च्या दुष्काळात भिंतीवरची चित्रे कागदावर उतरविली ती बायकांनीच, आणि पुढे जगदंबादेवींना पद्मश्री मिळाली. तेव्हा साधन बदलले म्हणून हातही बदललाच पाहिजे, असे मुळीच नाही.

भगिनींनो, पुन्हा मातीच्या घरात जावे असे मी म्हणत नाही. दर सणाला कंबर मोडेपर्यंत पोतारणे किती कष्टाचे, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक! कष्ट गेले ते बरेच झाले. त्यांच्याबरोबर निवडही गेली, एवढेच सलते. निवड करायची तर माहिती हवी. तेलरंगांत पूर्वी शिसे फार असे आणि ते मुलांच्या मेंदूला घातक. 1 नोव्हेंबर 2017 पासून आपल्या देशात घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे असण्यास बंदी आहे. म्हणून डब्यावरील मजकूर वाचून घ्यावा. जुना रंग खरवडताना भिंत ओली करावी आणि मुलांना दूर ठेवावे.

सरकारी घरकुल आता शक्यतो पत्नीच्या किंवा पतिपत्नी दोघांच्या नावे मिळते. कागदावर आपले नाव आले. मग भिंतीवर आपली पसंती का नसावी? सगळे घर नको, ओसरीची एक भिंत, तुळशीचा ओटा, दाराची चौकट एवढे तरी आपल्या मनाने रंगवावे. आणि घरात वृद्ध सासूबाई असतील, तर गेरू कोठून आणीत, माती किती भिजवीत, हे त्यांच्यापाशी बसून विचारावे व मंडळाच्या वहीत उतरवून ठेवावे. पुढच्या वर्धापनदिनी ती वही भरलेली दिसावी, एवढीच इच्छा.