आमचा बिडाचा तवा

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, अशी आमच्या चिटणीसबाईंची आज्ञा झाली. भगिनींनो, गडकिल्ल्यांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पन्नास वर्षे तवा घासला आहे, तेव्हा त्याचीच हकीकत सांगते.

लोखंडाआधी भाजणे होई ते मातीच्या खापरावर. खानदेशात मांडे अजूनही उपड्या खापरावर भाजतात. मी देशावरची, आमच्याकडे भाकरीचा पातळ लोखंडी तवा, राखेने घासून पालथा घातला की झाले. १९७४ साली लग्न होऊन कोकणात आले, तो तेथे घावनांचा बिडाचा तवा, कोळशासारखा काळा! नव्या नवरीने काम दाखवावे म्हणून विटेची पूड घेऊन मी तो करडा होईतो घासला आणि रात्रभर मोरीत ओला ठेवला. सकाळी तांबूस गंज. पाहुणे पानावर बसलेले आणि एक घावन सुटेल तर शपथ!

सासूबाईंना आम्ही माई म्हणत असू. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अगो, ती घाण नव्हती, तेल होतं. माझ्या सासूबाईंच्या वेळचं." त्या वाक्याने मला जेवण गेले नाही.

ते खरेच तेल असते. पातळ हात देऊन तवा सणसणीत तापवला की तेलाचे कण एकमेकांत गुंफून लोखंडावर कठीण कवच बसते. राखेतला क्षार तेलाशी मिळून साबणाचे काम करतो, म्हणून तेलकट भांडी राखेने निघतात. पण रोज राख आणि वर खरवड, म्हणजे कवचही जाते. माईंनी नारळाच्या शेंडीने गंज काढला, तवा चुलीवर कोरडा केला, तेल लावून पुसून घेतले, तापवला, निववला. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला आणि घावन सुटले. तापल्या बिडावर गार पाणी ओतू नये, ते तडकते, हेही तेव्हाच कळले.

नॉनस्टिकचा इतिहास त्या मानाने कालचा. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट शीतकपाटाच्या वायूंवर काम करीत असता त्यांना नळकांड्यात एक पांढरी, गुळगुळीत भुकटी मिळाली, तेच टेफ्लॉन. १९५४ च्या सुमारास फ्रान्सच्या मार्क ग्रेग्वार यांनी ते भांड्यांवर बसवले. सोय खरीच. पण तो लेप खरवडला की संपला, घरी पुन्हा चढत नाही.

असो. परवा सूनबाईने विचारले, "आई, हा भंगारवाल्याला देऊ का?" तिच्याकडे नवी इंडक्शन शेगडी आहे. लोहचुंबक चिकटेल तेच भांडे तिच्यावर तापते. तिचे दोन्ही ॲल्युमिनियमचे नॉनस्टिक तवे कपाटात पडून! आमच्या तव्याचे बूड सपाट. मी तो वर ठेवला. म्हटले, काचेवरून ओढू नकोस, उचलून ठेव, आच हळूहळू वाढव. पहिले घावन मोडले, दुसरे सुटले.

तवा आता तिच्याकडे आहे. तेलाचा हात द्यायला ती कधी विसरते. मग मी आठवण करते.