विकायला काढलेलं जंगल

व्हिएन्नाला गेलेली आपली मंडळी शनब्रुनचा राजवाडा बघतात, ऑपेरासमोर फोटो काढतात, मोत्सार्टचं चित्र असलेली चॉकलेटं घेतात आणि पुढचं शहर गाठतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं, ट्रामने नुसडॉर्फपर्यंत जा. तिथून द्राक्षांचे मळे लागतात आणि त्यांच्या वर बीच-ओकचं रान सुरू होतं. बीथोव्हनने १८०२चा उन्हाळा इथेच जवळ, हायलिगेनष्टाटमध्ये काढला. कान जात चालले होते त्याचे तेव्हा... असो, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

हे रान म्हणजे वीनरवाल्ड. पूर्वी राजघराण्याची शिकार इथे चाले, त्यामुळे ते शाबूत राहिलं. पुढे सरकारजमा झालं आणि तिथेच घात व्हायची वेळ आली. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने जुना कोट पाडायचा हुकूम दिला, त्या जागी रिंगश्ट्रासेवरच्या भव्य इमारती उठू लागल्या. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाने प्रशियाकडून सपाटून मार खाल्ला. तिजोरीत खडखडाट! मग १८७० मध्ये सरकारी मालमत्ता विकायचं ठरलं, त्यात हे जंगलही. लाकडाच्या एका बड्या व्यापाऱ्याला तोडीचा मक्ताही मिळाला होता.

याच्या आड आला योझेफ शेफेल नावाचा एक माणूस. सैन्यातून निवृत्त झालेला, हातात फक्त लेखणी. वर्तमानपत्रात त्याने लेखांचा सपाटा लावला. झाडांच्या सौंदर्यावर उसासे टाकत बसला नाही तो. करार कोणाशी झाला, कोणत्या भावाने, कोणाच्या आशीर्वादाने, हे चव्हाट्यावर आणलं. मला वाटतं, म्हणूनच तो जिंकला. लाच देऊ केली, खटले भरले, गडी हटला नाही. हळूहळू लोक आणि गावंच्या गावं त्याच्या मागे उभी राहिली, आणि १८७२ मध्ये सरकारला विक्री रद्द करावी लागली. (वाचताना तुम्हाला घराजवळचं काही आठवत असेल, तर खुशाल आठवू द्या.)

पुढच्याच वर्षी तो जवळच्या म्योडलिंगचा महापौर झाला. १९०५ मध्ये व्हिएन्नाच्या नगरपालिकेने शहराभोवती जंगल-कुरणांचा पट्टा राखायचा ठराव केला. २००५ मध्ये युनेस्कोने वीनरवाल्डला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. एक लाख हेक्टरांहून मोठं आहे ते.

पुरकर्सडॉर्फला शेफेलच्या नावाचा एक दगड आहे. मोत्सार्टच्या चॉकलेटांइतकी गर्दी तिथे नसते.